लाभ

सहा पन्नासला मिरजेत सूर्य बुडाला.
घड्याळ न बघता कळतं मला,
रमजान संपून आठवडाच झालाय.

सात नंबरच्या बेडवर नेमगोंडा मगदूम,
सांगलीच्या मार्केट यार्डातले मापाडी.
चाळीस वर्षं हळदीच्या पोत्यांत गेली.
नखांच्या कडेला ती अजून आहे,
ऑक्सिमीटर लावताना दर वेळी दिसते.

तोंडात व्हेंटिलेटरची नळी,
दुसरी नाकातून पोटापर्यंत.
उशाकडचा पलंग तीस अंश वर.
आठचं फीड तयार: शंभर मिली,
तांदळाची पेज, मुगाचं पाणी, दूध पावडर,
चमचाभर तेल.

दारात अक्काताई.
भेटीची वेळ कधीच संपलेली,
वॉचमननं कसं सोडलं कोण जाणे.
"सिस्टर, दिवस मावळला की हो.
पस्तीस वर्सं झाली, मावळतीनंतर
ह्येंनी पाण्याचा थेंब घेतला न्हाई.
पोरीच्या लग्नात पंगतीला उशीर झाला,
तर उपाशी झोपले.
तेवढं रातीचं बंद ठेवता येतंय का बगा."

डॉक्टरांना फोन लावला.
ते म्हणाले, आतडं रिकामं ठेवायचं नाही,
मांड्या बघा, पाच दिवसांत कशा उतरल्यात.
मी तिला तेच सांगितलं, थोडं मऊ करून.
अजून एक सांगणार होते:
आमच्यात याच वेळेला घास सुटतो,
आणि आजाऱ्याला रोजा माफ असतो.
पण आपल्या घरची किल्ली
दुसऱ्याच्या कुलपात घालून बघू नये.
गप्प बसले.

ती त्यांच्या ओठांकडे बघत राहिली,
नळीच्या दोन्ही अंगांनी सुकलेल्या.
मग म्हणाली,
"नेम जिभेचा हुता.
जिभेला तर ह्यातलं काईच कळणार न्हाई.
घाला."

सिरिंजचा दट्ट्या काढून ठेवला,
नळीला जोडली, हात वर धरला.
ढकलायचं नसतं.
आपल्या वजनानं उतरू द्यायचं.
"बरोबर," अक्काताई म्हणाली,
"हमालांना ह्येच सांगायचे,
काट्याला बोट लावायचं न्हाई."

पन्नासची सिरिंज, दोनदा भरायची.
"एक," मी सवयीनं म्हटलं.
"एक न्हाई, मुजावरबाई.
पयल्या मापाला लाभ म्हनायचं. मग दोन."

तुम्ही जेवलात का, विचारलं, तर हसली.
नेम तिचाही.
दुपारपासून दारात उभी,
आत कधी सोडतील या आशेवर,
तेवढ्यात दिवस गेला.
माझ्या चार्टवर
तिच्यासाठी रकाना नाही.

दहाला दिलं.
बाराला ओढून पाहिलं तर साठ मिली तसंच परत आलं.
तेच परत आत सोडलं,
डॉक्टरांना कळवलं, एक फीड गाळलं.
बाहेर बाकावर ती भिंतीला डोकं लावून,
पदर घट्ट ओढून.
जंक्शनवर मालगाडीचे डबे एकमेकांवर आपटत होते.
दोनला थोडं कमी दिलं. चारला पुरं.
दर वेळी हळूच, मास्कच्या आत,
लाभ. दोन.

सकाळी उजाडलं तरी ती थांबलीच.
उगवल्यावरही दोन घटका जाऊ द्याव्या लागतात म्हणे.
माझी ड्यूटी संपत आली होती.
शेवटचं ओढून पाहिलं:
सिरिंजच्या टोकाशी पाच मिली, हिरवट.
बाकी सगळं आत राहिलेलं.

काचेतून बाक दिसतो.
तिनं आधी चूळ भरली, मग पाणी प्याली,
मग डबा उघडला.
कालची जोंधळ्याची भाकरी, कडक झालेली,
तोडायला दोन्ही हात लागले.

मी सही करता करता थांबले,
पहिला घास तोंडाशी जाईपर्यंत.
मोजला.
पण एक नाही म्हटलं.